सरत्या वर्षातले आवडते खेळ, पुराव्यासह

जावईबापू हे काही कुणाचं खरं नाव नसतं, पण आमच्या ह्या गृहस्थांना सगळी इमारत त्याच नावानं ओळखते. चूक त्यांचीच. ज्या इमारतीत सासूबाई तळमजल्यावर राहतात त्याच इमारतीत, लग्नानंतर लगेच, दुसऱ्या मजल्यावर घर घ्यायला त्यांना कुणी सांगितलं होतं? आठवड्याच्या आत सासूबाईंनी जिन्याच्या तळाशी उभं राहून हाक मारली, "अहो जावईबापू, दूध करपलं की तुमचं! वास खालपर्यंत आलाय!" ही हाक चारही मजल्यांनी ऐकली आणि विषय संपला. त्याला आता बावीस वर्षं झाली. पुढे एकदा पाण्याच्या पंपवाल्यानं ऑफिसात फोन करून "जावईबापू आहेत का?" असं विचारलं, तेव्हापासून ऑफिसही हातचं गेलं.

ऑफिसात ते अभिलेख कक्षाचे प्रमुख आहेत. प्रमुख म्हणजे एकटेच. तळघरातली लांबलचक खोली, छताला टेकलेली लोखंडी कपाटं, दोरीनं बांधलेले कागदांचे गठ्ठे, एक कुरकुरणारा पंखा आणि टेबलावर तीन रबरी शिक्के. पहिला 'कायम ठेवणे', दुसरा 'दहा वर्षे ठेवणे' आणि तिसरा 'नाश करणे'. गंमत अशी, की कायम ठेवायचा शिक्का मारायला वरून तीन सह्या लागतात आणि नाश करायला जावईबापूंची एकटी सही पुरते. पण माणूस सरळ. सत्तावीस वर्षांत नियमाबाहेर एक चिटोरंसुद्धा त्यांनी फाडलेलं नाही. चहा पिताना, जेवताना, दातांच्या डॉक्टरसमोर तोंड उघडं असतानाही ते हे सांगतात.

तर ह्या ऑफिसची वर्षाखेरीला एक गृहपत्रिका निघते. तिच्यात 'मागे वळून पाहताना' असं एक सदर असतं आणि ते दर वर्षी एकेका शाखेनं भरायचं. गेल्या वर्षी आवक-जावक शाखेनं वर्षभरात वाचलेली पुस्तकं लिहिली होती. त्यातली दोन अजून छापून यायची होती म्हणे, पण ते असो. यंदा आस्थापनेच्या बाई, ज्या पत्रिकेच्या संपादकही आहेत, त्या स्वतः तळघरात उतरल्या.

"जावईबापू, यंदा तुमचा नंबर. वर्षभरात काय वाचलंत, कुठं फिरलात, लिहा दोन पानं. पंधरा दिवसांनी छापायला देतेय."

जावईबापू विचारात पडले. वाचलं काय? फायली. फिरले कुठं? दातांच्या डॉक्टरकडे, चार वेळा. थाप मारणं त्यांच्या रक्तात नाही. जे दप्तरी आहे तेच लिहायचं, असा त्यांचा बाणा. आणि दप्तरी काय होतं? तर वर्षभर हा पन्नाशी उलटलेला गृहस्थ व्हिडिओ गेम खेळत होता.

दप्तरी होतं म्हणजे अगदी शब्दशः होतं. त्यांनी खेळांची वही ठेवली होती. तारीख, खेळाचा प्रकार, सुरू केल्याची वेळ, थांबवल्याची वेळ, शेरा.

झालं होतं असं, की जानेवारीत त्यांची मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि जाताना टीव्हीखाली आपला खेळांचा काळा डबा ठेवून गेली. "बाबा, वायर काढू नका हं, मी सुट्टीला येऊन खेळीन." आता घरात एखादी वस्तू वापराविना पडून राहिली, की जावईबापूंना कसंतरीच होतं. शिवाय मुलगी गेल्यावर संध्याकाळी घर इतकं शांत झालं होतं, की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज नको व्हायचा. एका रविवारी धूळ पुसता पुसता त्यांनी डब्याचं बटण दाबलं, आणि गेले कामातून.

पहिला खेळ बस चालवायचा. शहरभर बस न्यायची, प्रवासी घ्यायचे, वेळेत पोचायचं. जावईबापूंनी ती बस अशी चालवली, की तशी बस जगात कुणी चालवली नसेल. प्रत्येक सिग्नलला थांबले. प्रत्येक थांब्यावर म्हातारी माणसं नीट बसेपर्यंत दार लावलं नाही. खेळानं त्यांना एकतीस वेळा 'अतिशय संथ' असा शेरा दिला. समोरच्या बिऱ्हाडातले चष्मेवाले, ज्यांचं कोपऱ्यावर दुकान आहे, ते एकदा हे बघून कळवळले. "अहो, निदान खेळात तरी सिग्नल तोडा!"

"का? खेळातल्या माणसांना जीव नसतो?" जावईबापू म्हणाले, आणि पिवळा दिवा लागताच ब्रेक दाबला.

दुसरा खेळ स्वयंपाकघराचा, दोघांनी मिळून खेळायचा. तो बायकोबरोबर. गिऱ्हाइकं रांगेत उभी, वर घड्याळ धावतंय आणि बायको ओरडतेय, "अहो, कांदा! कांदा चिरा!" आणि हे काय करताहेत? ताटल्या आकारानुसार लावताहेत. हॉटेल जळून खाक झालं. खऱ्या स्वयंपाकघरात दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी मात्र जावईबापू गुपचूप पाटावर बसून खरा कांदा चिरायला शिकले, आणि तेव्हापासून रोजचा कांदा त्यांच्याकडेच आहे. बायको म्हणते, बावीस वर्षांत जे मला जमलं नाही ते त्या डब्यानं केलं.

तिसरा गुप्तहेराचा. खुनी कोण, हे जावईबापूंनी पहिल्या दहा मिनिटांत लॉजचं रजिस्टर तपासून ओळखलं. एक पान उसवून पुन्हा शिवलेलं होतं, दुसरं काय? पण चौथा भाग येईपर्यंत खेळ त्यांना आरोप करू देईना. मधले दोन खून उगाच झाले, असं त्यांनी शेऱ्यात लिहून ठेवलंय.

आणि चौथा खेळ बागेचा. क्रमवारीत तोच पहिला.

इथं थोडं थांबून सासूबाईंबद्दल सांगायला हवं. सासू-जावयाचं भांडण होतं असं कुणी समजू नये. भांडायला निदान बोलावं तरी लागतं. बावीस वर्षांत दोघांचं संभाषण एवढंच: "जेवलात?" "हो. तुम्ही?" "हो." दोघंही सज्जन, दोघंही मितभाषी, आणि दोघांनाही एकमेकांसमोर बसलं की छताकडे बघायची सवय. मार्चमध्ये एका शनिवारी पाचच्या सुमाराला सासूबाई चाळणी परत द्यायला वर आल्या. बायको बाहेर गेली होती. पडद्यावर जावईबापूंनी नुकतीच दोन रोपं लावली होती.

"पाणी कोण घालतंय हे?" सासूबाईंनी विचारलं.

"मीच."

"जास्त घालताय. मुळं कुजतील." आणि चाळणी मांडीवर घेऊन त्या बसल्याच.

पुढच्या शनिवारी पाचला त्या चाळणीशिवाय आल्या. त्यांना स्वतःची वेगळी बाग हवी होती. खेळानं विचारलं, 'बागेला नाव द्या.' सासूबाई म्हणाल्या, "आधी मोठी तर होऊ दे, मग बघू नाव." जावईबापूंनी नावाची जागा रिकामी सोडली. मग दर शनिवारी पाच ते सात. खेळ असा, की आज लावलेलं झाड उद्या वाढत नाही, खऱ्या दिवसांनी वाढतं. सासूबाईंचा हात कापायचा, त्यामुळे कुंपण असं काही वाकडंतिकडं गेलं, की बघणाऱ्याला चक्कर यावी. विहीर खणली ती नेमकी पायवाटेच्या मधोमध. कुत्रा ठेवताना बोट घसरलं आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला. जावईबापू त्याला वळवायला गेले तर म्हणाल्या, "असू दे. रुसलाय तो."

आणि झाडं वाढेपर्यंत करायचं काय? तर दोघं बोलायला लागले. सासूबाईंनी सांगितलं, की सासऱ्यांच्या हाताला कुंडीतलं एक रोप कधी जगलं नाही, पण माणूस रोज सकाळी त्या मेलेल्या कुंडीलाही पाणी घालायचा. जावईबापूंनी तळघर, गठ्ठे, तीन शिक्के, सगळं सांगितलं. मग सासूबाई आल्या आल्या पायरीवरूनच विचारायच्या, "काय जावईबापू, ह्या आठवड्यात काय काय नाश केलंत?" आणि स्वतःच खो खो हसायच्या. त्या हसतात हेच जावईबापूंना माहीत नव्हतं.

सप्टेंबरात सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. आधी एक डोळा, मग दुसरा, मध्ये थोडी सूज. डॉक्टरांनी बजावलं, तीन महिने पडद्याकडे बघायचं नाही आणि जिनेही चढायचे नाहीत. बायको रोज खाली जाऊन थेंब घालायची. जावईबापूही दाराशी जाऊन यायचे. तिथं पुन्हा तेच. "जेवलात?" "हो. तुम्ही?" बाग समोर नसली, की दोघांच्या जिभेला कुलूप. शनिवारचे पाच वाजले, की जावईबापू उगाच खुर्ची झटकून ठेवायचे. बाग मात्र त्यांनी उघडली नाही. त्यांची नव्हे ना ती.

तीन महिने आता संपत आले होते. येत्या शनिवारी नवा चष्मा लावून सासूबाई वर येणार होत्या.

म्हणून मोठ्या खुशीत जावईबापूंनी लेख लिहिला, 'सरत्या वर्षातले माझे आवडते खेळ', आणि साहेबांच्या मंजुरीसाठी वर पाठवला. सरकवलेला कागद तसाच परत येईल तर ते ऑफिस कसलं? सोमवारी लेख तीन शेरे घेऊन खाली आला. एक, हे खेळ कार्यालयीन वेळेत खेळलेले नाहीत असे प्रमाणपत्र जोडावे. दोन, 'खेळ' हा विषय क्रीडा समितीच्या अखत्यारीत येतो किंवा कसे, याबाबत समितीचा अभिप्राय घ्यावा. तीन, पसंतीक्रमास आधार काय? प्रत्येक खेळाचा पुरावा जोडावा.

प्रमाणपत्र इमारतीच्या रखवालदारानं दिलं. 'दुसऱ्या मजल्यावरून सहानंतर, व सुट्टीच्या दिवशी पाचनंतर, आरडाओरडा ऐकू येतो, त्याआधी नाही.' क्रीडा समितीचे सचिव भांडार शाखेचे कॅरमपटू. त्यांनी एकच विचारलं, "घाम येतो का?"

"बायकोबरोबर खेळताना येतो."

"मग क्रीडाच," म्हणून त्यांनी सही ठोकली.

राहिला पुरावा. डब्यात प्रत्येक खेळाचा फोटो काढायची सोय असते. मंगळवारी संध्याकाळी जावईबापू फोटो काढायला बसले तर डबा म्हणाला, 'जागा शिल्लक नाही.' एवढ्यात वर्तमानपत्र मागायला वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक आले. मुख्याध्यापकांना प्रत्येक प्रश्नाचं उत्तर येतं, प्रश्न कुठलाही असो. "सोपं आहे! जुनं काढल्याशिवाय नव्याला जागा होत नाही. शाळेत मी दर वर्षी फळा पुसायचो."

"मुलीला एक फोन करा आधी," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

जावईबापूंना हे लागलं. सत्तावीस वर्षं ज्यानं गठ्ठ्यांची छाननी केली, त्यानं काय ठेवायचं आणि काय काढायचं हे पोरीला विचारायचं? त्यांनी चष्मा पुसला, कोरा कागद घेतला, आखला. डब्यात साठवलेल्या एकूण नोंदी त्रेचाळीस. मग त्यांनी ऑफिसचाच नियम लावला: ज्या नोंदीवर नाव नाही, आणि जी नव्वद दिवसांत उघडली गेलेली नाही, ती नाश करणे. त्रेचाळीसपैकी अशी नोंद निघाली एक. नाव नाही. शेवटची उघडल्याला चौऱ्याण्णव दिवस. जागा मात्र चांगली ऐसपैस अडवून बसलेली.

"हीच ती," असं म्हणून त्यांनी बटण दाबलं. डब्यानं विचारलं, 'नक्की?' त्यांनी दाबलं. 'खरंच नक्की?' असं पुन्हा विचारल्यावर तर जावईबापू खूश झाले. दोनदा खात्री करून घेणारं कुणीतरी जगात आहे म्हणायचं! त्यांनी पुन्हा दाबलं. मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या.

जागा झाली. आता पहिल्या क्रमांकाचा फोटो आधी काढावा म्हणून त्यांनी बागेचा खेळ उघडला. त्यांची स्वतःची बाग होती, सरळ रांगांची, प्रत्येक झाडावर पाटी लावलेली. शेजारची जागा रिकामी होती.

बायको बाहेर आली तेव्हा हे नुसते पडद्याकडे बघत बसले होते. "काय झालं हो?"

"आईंची बाग," ते म्हणाले. "मी नाश केली."

त्यानंतरची धावपळ काय सांगावी! मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, घाबरू नका, एक प्रत आपोआप बाहेर जमा होत असते."

"ती सोय मी फेब्रुवारीत बंद केली. आपले कागद परक्याच्या कपाटात कशाला?"

मग ती म्हणाली, "आजीला कोण सांगणार?"

बुधवारी दुरुस्तीवाला आला. त्यानं डबा उलटा केला, सुलटा केला, कान लावून ऐकला, आणि चहा पिऊन सांगितलं, की यंत्र ठणठणीत आहे, बिघाड वापरणाऱ्यात आहे. मग कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन. हे करायचं असेल तर एक दाबा, ते करायचं असेल तर दोन दाबा, असं करत करत चाळीस मिनिटांनी एका बाईंचा आवाज आला. जावईबापूंनी कुत्र्यापासून विहिरीपर्यंत सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "धोरणानुसार नष्ट केलेली नोंद पुन्हा उपलब्ध करून देता येत नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

जावईबापूंच्या हातातला फोन तसाच राहिला. हे वाक्य त्यांचंच होतं. शब्दन् शब्द. सत्तावीस वर्षं खिडकीशी जुने कागद मागायला आलेल्या माणसांना ते हेच वाक्य लिहून देत आले होते. कुणी आजोबा ते दोनदा वाचायचे, कुणी बाई घडी करून पर्समध्ये ठेवायची, आणि जावईबापूंना वाटायचं, ह्यांना एवढं साधं कसं कळत नाही? नियमानुसारच तर गेलंय. आता सासूबाईंची बागही नियमानुसारच गेली होती. काडीचीही चूक नव्हती, आणि तरी समोरचा चहा तसाच गार झाला होता.

"आईला सरळ सांगून टाका," बायको म्हणाली. "ती काही खाणार नाही तुम्हाला."

"काय सांगू? सहा महिने तुम्ही कापऱ्या हातानं जी बाग लावलीत, ती मी कागद आखून, व्यवस्थित, दोनदा खात्री करून काढून टाकली? त्यांना पुन्हा वर यावंसं तरी वाटेल का? मग आहेच, जेवलात, हो, तुम्ही, हो. मरेपर्यंत."

बायकोनं टीव्हीपुढे दुसरी खुर्ची ओढली. "वही काढा तुमची," ती म्हणाली.

आणि वहीत सगळं होतं! 'दि. ४ मे. सासूबाईंनी लिंबाची नऊ झाडे लावली, पैकी दोन कुंपणात.' 'दि. ११ मे. विहीर, पायवाटेच्या मध्यभागी. सूचना केली, अमान्य.' बुधवार, गुरुवार, शुक्रवार, जावईबापू अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारीच घरी यायचे. मुख्याध्यापक छडीनं पडद्यावर जागा दाखवायचे, चष्मेवाले फुलांचे रंग सांगायचे, बायको लावायची. झाडं वाढायला सहा महिने कुठून आणायचे, हा प्रश्न आला तेव्हा चष्मेवाल्यांनी शोध लावला, की डब्याची तारीख पुढे ढकलली की झाडं वाढतात.

जावईबापू ताडकन उठले. "खोटी तारीख? अहो, मागची तारीख घालणाऱ्यांना मी घरी पाठवलंय!"

"ही पुढची आहे," मुख्याध्यापक म्हणाले. ह्या बारकाव्यावर जावईबापूंनी पाच मिनिटं विचार केला आणि तोंड फिरवून उभे राहिले. तेवढ्यात बायकोनं तारीख ढकलली.

सगळं जमलं, पण कुंपण जमेना. जावईबापूंनी हात मुद्दाम कापवून पाहिला, डोळे मिटून पाहिले, डाव्या हातानं लावून पाहिलं. कुंपण सरळ ते सरळ. मुख्याध्यापकांनी लावलं ते तर पट्टीनं आखल्यासारखं निघालं. शेवटी चष्मेवाले म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेताय? नवा चष्मा मीच बनवलाय ना त्यांचा? पहिले आठ दिवस माणसाला सगळं वेगळंच दिसतं. काहीही विचारलं, की म्हणायचं, डोळे नवे आहेत."

शनिवारी पाचला सासूबाई आल्या. चष्मा लखलखीत, हातात बिस्किटांचा पुडा. पायरीवरूनच म्हणाल्या, "काय जावईबापू, तीन महिन्यांत काय काय नाश केलंत?"

चष्मेवाल्यांना ठसका लागला. मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघायला लागले.

सासूबाई खुर्चीत बसल्या. बायकोनं बाग उघडली. त्या पुढे वाकून बघत राहिल्या.

"कुंपण सरळ कसं झालं हे?"

"डोळे नवे आहेत ना, आजी," चष्मेवाले म्हणाले.

"आणि ही पाटी? झाडावर 'लिंबू' लिहिलंय."

"आधी दिसत नसेल," मुख्याध्यापक म्हणाले. "मोतीबिंदू."

"आणि कुत्रा माझ्याकडे बघतोय."

खरंच बघत होता. तीन दिवसांच्या घाईत कुत्रा फिरवायचा राहून गेला होता. चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं, तोच सासूबाईंनी हात वर केला. "डोळे नवे असतील, अक्कल जुनीच आहे. ही माझी बाग नव्हे."

जावईबापू उठून उभे राहिले. साहेबांसमोर राहतात तसे. "आई, तुमची बाग मी नाश केली. मंगळवारी. ह्यांचा काही दोष नाही. नोंदीवर नाव नव्हतं, आणि नव्वद दिवसांत उघडली नव्हती, म्हणून नियमाप्रमाणे..."

सासूबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. "नव्वद दिवस मीही वर आले नव्हते, जावईबापू. मलाही काढून टाकणार होतात का?"

मुख्याध्यापक आणि चष्मेवाले एकदमच म्हणाले, की त्यांना घरी थोडं काम आहे, आणि गेले. बायको चहा टाकायला आत गेली, ती बराच वेळ भांडंच शोधत राहिली.

"आई," जावईबापू म्हणाले, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा छताकडे न बघता म्हणाले, "शनिवारी पाच वाजले की मला करमायचं नाही. खुर्ची झटकून ठेवायचो. खाली दाराशी आलो, की काय बोलावं कळायचं नाही. बाग गेली तेव्हा वाटलं, आता तुम्ही कशाला याल?"

"मी काय बागेसाठी येत होते?" सासूबाई म्हणाल्या. "झाडं काय, खिडकीतूनही दिसतात." मग जरा हळू, "राग आलाय मला. नऊ लिंबं होती माझी. आणि तो कुत्रा."

"हो," जावईबापू म्हणाले.

"मग बसा आता. उभे काय राहिलात? काढून टाका ही. एवढ्या सरळ बागेत मला झोप येईल. पुन्हा पहिल्यापासून लावू."

जावईबापू बसले. पण 'काढून टाका'च्या बटणावर त्यांचं बोट काही पडेना. शेवटी सासूबाईंनीच दाबलं. 'नक्की?' डब्यानं विचारलं. "नक्की रे बाबा," त्या म्हणाल्या, "किती विचारशील?"

नवी जागा उघडली. मोकळी जमीन, आणि वर तीच ओळ. 'बागेला नाव द्या.'

"ही माझीही चूक," सासूबाई म्हणाल्या. "मोठी होईपर्यंत थांबायला नको होतं. तुमचा तो पहिला शिक्का काय हो?"

"'कायम ठेवणे.'"

"तेच लिहा."

जावईबापू घुटमळले. सवय जात नाही माणसाची. "आई, त्याला वरून तीन सह्या लागतात."

"मी तळमजल्यावरची," सासूबाई म्हणाल्या. "माझी एक चालेल का?"

जावईबापूंनी एकेक अक्षर शोधून ते नाव टाकलं. तेवढ्यात चहा आला, बिस्किटांचा पुडा फुटला, आणि पहिलं लिंबू पाचच मिनिटांत कुंपणाच्या जागेवर लागलं. कुत्रा आणल्यावर जावईबापूंनी आपण होऊन त्याचं तोंड भिंतीकडे केलं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि खो खो हसल्या.

सोमवारी सकाळी लेख साहेबांकडे गेला. बसचा फोटो होता, जळालेल्या हॉटेलचा होता, लॉजच्या रजिस्टरचाही होता. साहेबांनी तो उलटून पालटून पाहिला आणि शेरा मारला, 'क्रमांक एकचा पुरावा जोडलेला नाही.'

जावईबापूंनी त्याच्याखाली लिहिलं, 'बाग अजून लहान आहे. कृपया शनिवारी पाचनंतर समक्ष येऊन पाहावी. सासूबाईंची हरकत नाही.'